आठ जणांचा एक हात

सकाळी ६.३०
चहा हाताशी, समोर रबरी पॅड. ग्लासगोजवळच्या या घराची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे इथे ड्रम वाजवायची सोय नाही. मास्तर पॅडवर रोल धरतात. दोन उजव्या, दोन डाव्या. आधी संथ, मग दाट, इतका की काड्या वेगळ्या ऐकूच येत नाहीत. वय पन्नाशीपुढचं. बॅगपाइपवाल्या पाइप बँडमधला स्नेअर ड्रम वाजवायचा आणि शिकवायचा, चाळीस वर्षं हेच.

सकाळी ८.५०
पहिली शाळा, कौन्सिलची. २०२१ पासून स्कॉटलंडच्या सरकारी शाळांत वाद्य शिकायला फी पडत नाही. मास्तरांचा पगार कौन्सिल देते. तीन मुलं, अर्धा तास, मग पुढची तीन. सुरुवातीचे कित्येक महिने ड्रम नाहीच, फक्त पॅड. काड्यांची जोडी साधारण पंधरा पौंडांची, आणि मुलं ती बसमध्ये विसरतात. मास्तरांच्या पिशवीत म्हणूनच जुन्या जोड्यांचा गठ्ठा.
एका मुलीचा डावा हात मागे पडतो. “जोर लावू नकोस,” मास्तर म्हणतात. “काडी पडू दे. तिची तीच वर येईल.” नऊदा पडते, नऊदा अडखळते. दहाव्यांदा बरी येते. तोवर घंटा.

दुपारी १२.१०
दुसऱ्या शाळेच्या वाटेवर, गाडीतच सँडविच. मांडीवर वही. ड्रमचं लिखाण एकाच आडव्या रेघेवर असतं: रेघेच्या वर उजवा हात, खाली डावा. वाचायला सोपं, लिहायला जिकिरीचं, कारण पाइपची धून आधी गळ्यात बसावी लागते. मास्तर ती गुणगुणतात आणि मग खरडतात. ॲलेक्स डथार्टचं नाव निघाल्यावर मात्र सँडविच बाजूला राहतं. शॉट्स या कोळशाच्या खाणींच्या गावातल्या बँडचा हा ड्रमर १९८६ मध्ये गेला. स्वित्झर्लंडच्या बाझेलमधल्या ढोलवादनातलं बरंच काही त्याने इकडे आणलं. त्याच्यामुळे ड्रम नुसता ठेका धरायचा थांबला आणि धुनीशी बोलू लागला, असं मास्तर मानतात. सकाळपासून त्यांचं वाजवणं ऐकून मलाही ते पटलं.

दुपारी ३.४५
गॅरेज. एका ड्रमचं वरचं पान बदलायचं आहे. पूर्वी वासराचं कातडं असे, पावसात ते सैल पडे, आणि इथे पाऊस कधी नसतो! आता केवलर, बुलेटप्रूफ जाकिटातला धागा. तो प्रचंड ताण सहन करतो. मास्तर चावीने एक स्क्रू थोडा पिळतात, मग समोरचा, मग त्याच्या शेजारचा. प्रत्येक कडेला काडी टेकवून कान लावतात. तारांचा एक संच खालच्या पानाला आणि दुसरा वरच्या पानाच्या आतून, त्यामुळे आवाज कोरडा, तीक्ष्ण. आपल्या ताशाची आठवण येते, पण हा आवाज त्याहून आखूड, तुटक. पाऊण तास लागतो. मजुरी शून्य, ड्रम बँडचा.

संध्याकाळी ५.३०
घरी येणारा एक खाजगी विद्यार्थी. अर्ध्या तासाचे वीस पौंड. त्यातले थोडे पेट्रोलला, थोडे कानात घालायच्या बोळ्यांना. डाव्या कानात आता सतत बारीक शिटी वाजते. सगळं वय स्नेअरजवळ गेलं, आणि बोळे फार उशिरा आले.

संध्याकाळी ७.३०
शाळेचं पार्किंग, बँडचा सराव. जूनचा उजेड अजून पुष्कळ आहे. आठ स्नेअर, टेनर, एक मोठा बास. कुणी परिचारिका, कुणी वायरमन, कुणी कॉलेजात. इथे वाजवायचे पैसे कुणालाच मिळत नाहीत, उलट वर्गणी भरावी लागते. तयारी ऑगस्टच्या जागतिक स्पर्धेची. ती ग्लासगो ग्रीन मैदानावर भरते.
तिथे चार परीक्षक: दोन पाइपचे, एक ड्रमचा, एक एकूण मेळाचा. ड्रमचं बक्षीस वेगळंही असतं, त्यामुळे बँड हरला तरी ड्रमवाले जिंकू शकतात. मास्तरांना तसं जिंकणं आवडत नाही.
सुरुवातीचे दोन रोल. सात जण एकत्र, आठवा केसभर पुढे. “पुन्हा.” दोघं पुढे. “पुन्हा.” पाइपवाले बाजूला हवा भरून ताटकळलेले. मास्तर काड्या खाली ठेवतात, सगळ्यांना डोळे मिटायला लावतात आणि धून तोंडाने म्हणायला सांगतात. एकदा, दोनदा. मग रोल. आठही काड्या एकदम पडतात. मी शेजारी उभा होतो. एकच माणूस वाजवतोय असं वाटलं. पण रील या वेगवान धुनीच्या तिसऱ्या भागात सगळं पुन्हा विस्कटतं.

रात्री ९.४०
ड्रम व्हॅनमध्ये गेले. मास्तर बॉनेटवर वही ठेवून तिसऱ्या भागातल्या दोन अवघड जागा खोडतात. मी म्हटलं, तुम्हाला तर त्या सहज जमतात. “मला जमतात,” ते म्हणतात, “पण वाजवणार आठ जण.” त्यांच्या जागी साधा रोल लिहितात. पानाचा फोटो काढून सगळ्यांना पाठवतात, खाली एक ओळ: सोमवारी पाठ करून या.