मोटारीची वार्षिक परीक्षा

आमचे चिरंजीव इंग्लंडांत असतात. गतवर्षीं आम्ही तेथें असतांना त्यांच्या जुन्या मोटारीची वार्षिक तपासणी आली. सूनबाई रुग्णालयांत रात्रपाळीस त्याच गाडीनें जातात. ती नापास झाल्यास जावें कसें, ही चिंता घरांत शिरली.

ही परीक्षा तेथें १९६० सालीं सुरू झाली. आरंभीं ती १० वर्षांवरील गाड्यांपुरतीच होती. आतां गाडी ३ वर्षांची झाली कीं प्रतिवर्षीं द्यावी लागते. आदल्या रविवारीं आम्ही वही घेऊन अंगणांत उभे राहिलों. क्रमांकपट्टीवरील दिवा विझलेला निघाला. कांच धुण्याचें पाणी संपलें तरी गाडी नापास होते, हें ऐकून आम्हांस हसूं आलें; पण चिखलानें कांच माखल्यावर चालकास दिसणार काय?

खरी बाब टायरांची. खांचा निदान १.६ मिलिमीटर खोल हव्यात. तेथील लोक २० पेन्सचें नाणें खांचेंत उभें करतात. नाण्याची बाहेरची कड दिसली कीं टायर संशयास्पद. पुढच्या डाव्या टायरांत ती स्वच्छ दिसली! झिजलेल्या खांचांना पावसाचें पाणी बाजूस सारतां येत नाहीं, मग ब्रेक दाबूनही गाडी वेळेवर थांबत नाहीं. चिरंजीव म्हणाले, "परीक्षकांस कदाचित् चालेलही." परीक्षेपुरता अभ्यास करणारे विद्यार्थी आम्ही जन्मभर पाहिले. आम्ही विचारलें, "रात्रीं गाडी परीक्षक चालवणार कीं सूनबाई?"

दुसऱ्याच दिवशीं पुढचे दोन्ही टायर नवे बसले. गाडी उत्तीर्ण झाली. मात्र मागच्या ब्रेकांविषयीं एक सूचना लिहून आली. तें काम पुढच्या पगारास झालें.