सोलापूरची सायकल मंडळी

सोलापूरचा नकाशा पुढ्यात घेऊन बसणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरतात ते या शहरातून चहू दिशांना फुटलेले रस्ते, आणि त्यांचा विशेष असा की त्यांतला बहुतेक प्रत्येक रस्ता कोणत्या ना कोणत्या दैवताच्या, संताच्या अथवा गतकालीन राजसत्तेच्या दारी जाऊन पोचतो. ईशान्येला बालाघाटाच्या माथ्यावर तुळजापूर आहे ते सुमारे 45 किलोमीटरांवर; आग्नेयेला स्वामी समर्थांचे अक्कलकोट 40 किलोमीटरांच्या आत; हैदराबादच्या वाटेवर नळदुर्गचा किल्ला आणि त्याच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल; पश्चिमेला मोहोळ ओलांडून पंढरपूर, सत्तरीच्या थोडे पुढे; नैर्ऋत्येला दामाजीपंतांचे आणि चोखोबांचे मंगळवेढे; आणि दक्षिणेला, भीमा व सीना जेथे एक होतात तेथे, शके 940 म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख जपणारे हत्तरसंग कुडल. पायी चालणाऱ्याला ज्यांसाठी दिवस पुरत नाही आणि मोटारीत बसणाऱ्याला ज्यांची वाट दिसतच नाही, अशी ही अंतरे आहेत. आणि गेल्या काही वर्षांत या शहरात सायकलस्वारांची जी मंडळे उभी राहिली त्यांच्या रविवारच्या सामुदायिक फेऱ्या, त्यांच्याच भाषेत बोलायचे तर ग्रुप राईड, या अंतरांच्या मापानेच बेतलेल्या आहेत.

अशा मंडळाला बहुधा कचेरी नसते, दप्तर नसते, शिपाई-कारकून तर नसतातच. आदल्या रात्री फोनवर निरोप फिरतो, आणि पहाटे, दिशा अजून उजळायच्या असताना, ठरलेल्या चौकात मंडळी गोळा होऊ लागते. त्यांत दवाखाना उघडण्यापूर्वी परतायचे असलेले डॉक्टर असतात, शाळामास्तर असतात, बँकेतले, पोलीस खात्यातले, चादरी-टॉवेलांच्या व्यापारातले लोक असतात, महाविद्यालयातली मुले-मुली असतात, आणि चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर प्रथमच सायकलीवर बसलेल्या गृहिणीही असतात. पहाटेची ही वेळ हौसेने निवडलेली नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42 अंशांपलीकडे नेणाऱ्या या मुलखात सूर्य डोक्यावर येण्याच्या आत परतले पाहिजे, हा येथील उन्हाचा हुकूम आहे आणि तो मोडून चालत नाही.

या शहराला सायकल नवी नाही. 1877 साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली, तीच पुढे जुनी मिल या नावाने ओळखली गेली. मागून नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या आणि शहराचे घड्याळ भोंग्यांच्या स्वाधीन झाले. पाळी सुटली म्हणजे गिरणीच्या फाटकातून कामगारांचा जो लोंढा बाहेर पडे, त्यात पायी चालणाऱ्यांच्या बरोबरीने सायकली असत. डबा हँडलला अडकवलेला, पायजमा घोट्यापाशी क्लिपेने आवळलेला, असा तो सायकलस्वार होता. त्या काळी आपल्या गावागावांतून सायकलीवर नगरपालिकेचा कर असे, तो भरल्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागे, आणि अंधार पडल्यावर दिव्यावाचून जाणाऱ्यास पोलीस अडवून दंड करीत. पुढे गिरण्या एकामागून एक थंडावल्या, भोंगे थांबले, यंत्रमागांची वस्ती पूर्वभागात पसरली, आणि हाती चार पैसे खेळू लागताच घरोघर फटफटी आली. सायकल उरली ती ज्याला दुसरे काही परवडत नाही त्याच्यापाशी, किंवा शाळकरी मुलांपाशी. मंडळांनी सायकल सुखवस्तू माणसाच्या हाती पुन्हा दिली ती या पडत्या काळात, आणि या कामाचे मोल मला कमी वाटत नाही.

परंतु मंडळाचे खरे कर्तृत्व त्याहून सूक्ष्म आहे, आणि ते पाहायचे तर एखादी फेरी जवळून पाहावी लागते. सर्वांच्या पुढे एक जाणता असतो. वाट आणि वेग यांचा तो मुखत्यार. खड्डा दिसला की तो हात खाली करून बोटाने दाखवतो, ती खूण एकाकडून दुसऱ्याकडे अशी ओळीच्या शेवटापर्यंत पोचते. आणि सर्वांच्या मागे आणखी एक असतो, ज्याला मंडळी स्वीपर म्हणतात. बहुधा तो मंडळातला सर्वांत दमदार सायकलस्वार असतो, आणि तरीही शेवटच्या दमलेल्या माणसाच्या पुढे जायचे नाही हा त्याचा नेम असतो. नवशिका घाटात उतरून सायकल ढकलू लागला तर हाही उतरतो. पंपाने हवा भरणे, चेन पडली तर चढवणे, पाण्याची बाटली पुढे करणे, आणि मुख्य म्हणजे मागे राहिल्याची लाज वाटू न देणे, ही सारी कामे त्याची. मंडळाची योग्यता पुढच्याच्या वेगावरून ठरत नाही, मागच्याच्या धीरावरून ठरते, असे माझे मत या फेऱ्या पाहून बनले आहे.

या माळरानावर सायकलस्वाराचे दोन वैरी आहेत. एक सराटा: रस्त्याच्या कडेला जमिनीसरशी पसरणारी वेल, तिच्या वाळलेल्या फळाचे काटे कोणत्याही बाजूने पडले तरी एक तरी वर रोखलेलाच राहतो, सावलीसाठी सायकल कडेला उतरवली की दोन्ही ट्यूब गेल्याच म्हणून समजावे. मग टायर उचकटून ट्यूब बाहेर काढणे, तीत हवा भरून गालाशी धरून छिद्र शोधणे, काचकागदाने घासून सोल्युशन लावणे, ते वाळेपर्यंत वाट पाहून पॅच दाबणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टायरमध्ये आतून बोट फिरवून रुतलेला काटा काढून टाकणे, हा विधी प्रत्येक सभासदाला शिकावा लागतो. एकाची सायकल बसली की सारी मंडळी थांबते, हा रिवाज आहे.

दुसरा वैरी वारा. सह्याद्रीने पाऊस अडवून धरलेला हा अवर्षणप्रवण प्रदेश, पण मोसमी वाऱ्याला सह्याद्री अडवू शकत नाही, आणि ज्येष्ठ-आषाढात पश्चिमेकडून सुटलेला हा वारा झाडाचा आडोसा नसलेल्या माळावर दिवसभर वाहत राहतो. पंढरपूर पश्चिमेला. म्हणजे ज्या महिन्यात विठ्ठलाकडे जायचे त्याच महिन्यात वारा छातीवर घ्यायचा. सपाट रस्त्यावर वेग वाढत गेला की सायकलस्वाराच्या श्रमांचा मोठा वाटा केवळ हवा कापण्यात खर्ची पडतो, आणि दुसऱ्याच्या चाकामागे अगदी जवळून चालवणाऱ्याचे श्रम साधारण चौथा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, कमी होतात. म्हणून समोरचा वारा असला की मंडळी एकामागे एक अशी ओळ धरते. पुढचा काही वेळ वारा झेलतो, मग बाजूला होऊन ओळीच्या शेवटी जातो, आणि दुसरा पुढे येतो. ज्याच्या अंगात बळ अधिक तो पुढे अधिक वेळ राहतो, ज्याचे कमी त्याला कोणी पुढे येण्याची सक्ती करीत नाही. बळाची अशी न्याय्य वाटणी करणारा दुसरा सामुदायिक व्यायाम मला ठाऊक नाही.

ही रीत परदेशातून महागड्या सायकलींबरोबर आली, असे कोणी म्हणेल. इंग्लंडात 1878 साली हॅरोगेट येथे सायकलवरून प्रवास करणाऱ्यांची संस्था स्थापन झाली, आणि 1894 मध्ये बर्मिंगहॅम येथे ‘क्लॅरियन’ या समाजवादी वृत्तपत्राच्या वाचकांनी कष्टकऱ्यांचे सायकल मंडळ काढले, हा इतिहास खरा आहे. पण सोलापूरकराला समूहाने वाट चालण्याचे शिक्षण त्याच्याही कितीतरी आधीपासून मिळालेले आहे. कोजागरीच्या सुमारास या शहरातून हजारो माणसे रात्रभर पायी तुळजापूरला जातात, त्या वेळी हमरस्त्यावरची वाहने वळवावी लागतात आणि वाटेत चहा-फराळ देणारे मांडव लागतात. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी तुळजापूरवरून सोलापुरात येते, येथे मुक्काम करते आणि मंगळवेढ्याच्या वाटेने पंढरीला जाते. दिंडीतही पुढे पताका आणि मागे वीणेकरी असतो, तेथेही थकलेल्याला सोडून कोणी जात नाही. सायकल मंडळीने हा वारसा चाकांवर चढवला, इतकेच.

महाराष्ट्रातल्या इतर मंडळींनाही हे जाणवले असले पाहिजे. नाशिकच्या सायकलस्वारांनी 2012 साली पंढरपूरची सायकलवारी सुरू केली. तिच्या प्रवर्तकांत त्या वेळी नाशिकला असलेले पोलीस अधिकारी हरीश बैजल हे होते, आणि तेच पुढे सोलापूरचे पोलीस आयुक्त झाले. आता आषाढी एकादशीपूर्वी निरनिराळ्या शहरांतली मंडळे आपापल्या वाटांनी पंढरपुरात येतात, सायकलींचे रिंगण धरतात, चंद्रभागेचे दर्शन घेऊन परततात. सोलापूरकरांना ही वारी एका दिवसात जाऊन-येऊन करता येते. वाटेत मोहोळ लागते, ज्याच्या संशोधन केंद्राने मालदांडी ज्वारीचे वाण निवडून सिद्ध केले. पौषात याच मंडळींची फेरी हुरड्यासाठी निघते, तेव्हा कणसे बहुधा त्या मालदांडीचीच असतात.

फेऱ्यांमध्ये मला सर्वांत प्रिय आहे ती बार्शी रस्त्याने नान्नजकडे जाणारी. सुमारे 20 किलोमीटर. माळढोक पक्ष्यासाठी 1979 साली येथील गवताळ माळ अभयारण्य म्हणून राखला गेला. माळढोक आता दृष्टीस पडणे अत्यंत दुर्मीळ. परंतु काळविटांचे कळप अजून आहेत, आणि मोटारीच्या आवाजाने दूर पळणारे ते प्राणी सायकलींची ओळ समोरून जाताना पुष्कळदा मान वर करून नुसते पाहत राहतात. जवळचे हिवाळी ठिकाण हिप्परग्याचा एकरुख तलाव, 1871 साली पुरा झालेला. तेथे स्थलांतरी पक्षी पाहण्यासाठी लहान मुलांनाही नेता येते.

दूर पल्ल्याच्या चाचण्यांचे आकर्षणही या मंडळीला आहे. 1904 साली पॅरिसात स्थापन झालेल्या ओडॅक्स संस्थेच्या नियमांप्रमाणे 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 किलोमीटर 20 तासांत, 400 किलोमीटर 27 तासांत आणि 600 किलोमीटर 40 तासांत, ठरावीक ठाण्यांखेरीज कोणाची मदत न घेता पुरे करावयाचे असतात. एका हंगामात चारही पुरे करणारा सुपर रँडोनर ठरतो. 2015 साली नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी दोघांच्या संघाने अमेरिका आडवी पार केली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या तरुणांना असे धाडस आपल्या आवाक्यातले वाटू लागले. हे यश वंदनीय आहे. तरीही जे मंडळ केवळ पल्ले आणि पदके मोजू लागते त्याच्या रविवारच्या फेरीत नवी माणसे येईनाशी होतात, आणि पदकवीर तेवढे उरतात. सोलापूरच्या मंडळांनी या बाबतीत सावध असावे, असे मी आग्रहाने म्हणेन.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. अक्कलकोट रस्त्याने फेरी निघाली की औद्योगिक वसाहत लागते, मग कुंभारी. येथे विडी कामगार स्त्रियांसाठी 10,000 घरांची वसाहत उभी राहिली, 2006 साली तिचे लोकार्पण झाले आणि तिला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. आणखी पुढे वळसंग. येथील विहिरीचे पाणी 1937 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्राशन केले. मंडळी या विहिरीपाशी थांबते, तेथे माहिती सांगितली जाते, हे उत्तमच. पण याच रस्त्यावर, रात्रपाळी करून शहराकडे किंवा दिवसपाळीसाठी कारखान्याकडे जाणारे कामगार मंडळींना समोरून भेटतात तेही सायकलीवरच असतात, आणि त्यांच्या सायकलींना मागे दिवा नसतो, लाल परावर्तकही बहुधा निखळून गेलेला असतो. मंडळीचे सभासद स्वतःच्या सायकलीला लुकलुकणारे दिवे, अंगाला चमकणारे पट्टे, डोक्याला हेल्मेट यांशिवाय अंधारात पाऊल टाकत नाहीत. ज्याला रोज अंधारातच जावे लागते त्याला मात्र अवजड ट्रक दिसत असतात, ट्रकवाल्याला तो दिसत नाही.

माझी सूचना साधी आहे. महिन्यातून एका संध्याकाळी मंडळाने पान्हे, पंप आणि परावर्तकांची पिशवी घेऊन औद्योगिक वसाहतीच्या फाटकापाशी बसावे. पाळी सुटताना ज्या ज्या सायकली बाहेर येतील त्यांचे ब्रेक तपासावेत, चाके सरळ करून द्यावीत, मडगार्डावर लाल पट्टी चिकटवावी. परावर्तक पट्टीची किंमत एका चहा-नाश्त्याहून अधिक नाही, आणि हाताचे कौशल्य सभासदांपाशी आहेच. ज्यांची ब्रेकची रबरे झिजली असतील त्यांच्यासाठी ती अधिक आणावीत, कारण जुन्या सायकलींची ती लवकर झिजतात. आणि त्या कामगारांपैकी कोणाला रविवारी यायचे असेल तर फेरीची वेळ व ठिकाण त्याला तेथेच सांगून ठेवावे.