न्यूट्रॉनच्या फायली : कुठले काय कुठे?

ओपनस्टॅक या मुक्त क्लाउड प्रणालीत नेटवर्कचे काम ‘न्यूट्रॉन’ पाहते. 2013 पर्यंत तिचे नाव ‘क्वांटम’ होते. सगळ्यांना लागणारी सेटिंग्ज न्यूट्रॉन.कॉन्फमध्ये ठेवा, राउटिंग, डीएचसीपी अशा प्रत्येक एजंटची त्याच्या स्वतःच्या फाइलमध्ये.

सेवेला दोन फायली दिल्या आणि एकच सेटिंग दोन्हींत असले, तर नंतर वाचलेले लागू होते. म्हणून तीच ओळ दोनदा लिहू नका. बदल एकीकडे कराल आणि चालेल दुसरीच.

सर्वांत महत्त्वाचे : कॉम्प्युट नोडवरचे एजंट डेटाबेसशी थेट बोलत नाहीत, निरोप मेसेज क्यूमधून जातात. तेव्हा सर्व्हरची फाइल तिथे जशीच्या तशी उतरवू नका. पासवर्ड असलेली डेटाबेसची ओळ काढा. एखाद्या मशीनमध्ये कुणी घुसलेच, तर त्याला तिजोरीची किल्ली तिथे मिळू नये.