कालवड घ्यायची की दुभती गाय? नवख्या खेळाडूची किंमत कशी काढायची

टेंभुर्णीच्या आसपास कुठल्याही गोठ्यात हा प्रश्न निघतो. दुभती गाय आजच दूध देते, म्हणून महाग. कालवड स्वस्त, पण ती कशी निघेल ते आज कुणीच सांगू शकत नाही. व्यावसायिक खेळातले संघही याच पेचात असतात.

अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉलमध्ये नवे खेळाडू ‘ड्राफ्ट’मधून निवडतात. निवडीचा हा हक्क संघ एकमेकांना देऊ शकतात, अगदी पुढच्या वर्षांचासुद्धा. २०१३ मध्ये ब्रुकलिन नेट्सने केविन गार्नेट, पॉल पिअर्स यांसारखे अनुभवी खेळाडू घेतले. बदल्यात बोस्टन सेल्टिक्सला २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या फेरीचे हक्क दिले, शिवाय २०१७ साठी अदलाबदलीची मुभा. पुढे नेट्स ढेपाळले. बोस्टनला या हक्कांच्या जोरावर जेलन ब्राउन आणि जेसन टेटम मिळाले, आणि २०२४ मध्ये विजेतेपद.

मग हक्क नेहमीच फायद्याचा? थांबा. याच सौद्यातल्या २०१४ च्या हक्कावर घेतलेला जेम्स यंग एनबीएत टिकला नाही. गाजलेलं उदाहरण गाजलं म्हणूनच आपल्यापर्यंत पोचतं. म्हणून अभ्यास करताना तीन गोष्टी बघायच्या.

एक, त्या क्रमांकावर निवडलेले सगळे खेळाडू मोजायचे, फसलेलेसुद्धा. दोन, कामगिरीच्या किमतीतून पगार वजा करायचा. मॅसी आणि थेलर यांनी अमेरिकन फुटबॉलवरच्या २०१३ च्या शोधनिबंधात हेच केलं. सौद्यात सर्वात महाग जाणारे पहिले क्रमांक पगार वजा केल्यावर सर्वात फायद्याचे नव्हते. तीन, सौद्याच्या दिवशी जेवढं माहीत होतं, तेवढ्यावरच निर्णय जोखायचा.

आता आपल्या कबड्डीकडे या. प्रो कबड्डीत ड्राफ्ट नाही, लिलाव आहे. पण नवोदित खेळाडू लिलावाबाहेर, कमी पैशांत घेता येतात. पुणेरी पलटणला अस्लम इनामदार आणि मोहित गोयत असेच मिळाले. उलट २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने पवन सेहरावतवर २.२६ कोटी लावले, आणि तो पहिल्याच सामन्यात जखमी झाला. दहाव्या हंगामात अस्लमच्या नेतृत्वाखाली पलटण जिंकली. पण त्याच हंगामासाठी त्यांनी मोहम्मदरेझा शादलूवर २.३५ कोटीही मोजले होते! मग विजयाचं श्रेय कालवडीला किती, दुभत्या गायीला किती?

खरा संशोधन-प्रश्न इथे सुरू होतो. करून बघायचं असेल तर एकच हंगाम निवडा आणि त्यात करार झालेल्या सगळ्या नवोदितांची यादी करा. जे एकदाही मॅटवर उतरले नाहीत, त्यांची नावं आधी लिहा. आकडेमोड नंतर.