ऊन कडक, मग वीज कमी का?

एप्रिलमध्ये बालाघाटच्या माळावर ऊन भाजून काढते. अशा दिवसांत विहिरीवरचा सौर पंप सर्वांत जोमाने चालत असेल, असे कुणालाही वाटेल. पण पॅनेल जितके तापते, तितकी त्याच उजेडात वीज कमी मिळते. घोटाळा आपल्या शब्दातच आहे. ‘ऊन’ म्हटले की त्यात उजेडही आला आणि उष्णताही. पॅनेलला हवा असतो तो फक्त उजेड.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची असते. रात्रीच्या विजेसाठी अंधारात बांधावर जाणे टळते, म्हणून बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात या पंपाचे मोल मोठे. त्याचे शास्त्र मात्र सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका कोड्यातून आले.

धातूवर प्रकाश पडला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. १९०२ मध्ये जर्मनीत फिलिप लेनार्ड यांनी उलट दिशेचे विद्युत क्षेत्र लावून ते अडवून पाहिले. प्रकाश तीव्र केला तर इलेक्ट्रॉनांची संख्या वाढे, पण एकेकाचा जोर तेवढाच राही. जोर बदले तो प्रकाशाचा रंग बदलल्यावर. प्रकाश ही नुसती लाट असती, तर असे व्हायला नको होते. तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाचा हिशेब जुळवताना माक्स प्लांक यांनी १९०० मध्येच ऊर्जेचे ‘पुडके’ मानले होते. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये पुढे जाऊन सांगितले, की प्रकाशच अशा पुडक्यांनी येतो. १९२१ चे नोबेल त्यांना सापेक्षतेसाठी नव्हे, मुख्यतः या कामासाठी मिळाले.

सौर पॅनेलमध्ये सिलिकॉनचे दोन थर असतात. एकात किंचित फॉस्फरस, दुसऱ्यात बोरॉन. दोन्ही जिथे भिडतात तिथे आपोआप विद्युत क्षेत्र तयार होते. प्रकाशाचे पुरेसे मोठे पुडके एक इलेक्ट्रॉन सुटा करते आणि हे क्षेत्र त्याला एका बाजूला ढकलते. नाहीतर तो पुन्हा जागेवर बसून नुसती उष्णताच उरली असती. अवरक्त किरणांतली बरीच पुडकी एवढी लहान असतात, की ती कितीही आली तरी इलेक्ट्रॉन सुटत नाही.

उष्णतेने सिलिकॉनचा विद्युतदाब घसरतो. २५ अंशांच्या वर दर अंशाला वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. पॅनेल ६५ अंशांवर गेले, तर सातवा-आठवा हिस्सा असाच जातो. म्हणून पॅनेलखालून वारा खेळला पाहिजे. ढग आले तर पुडकी कमी, म्हणून प्रवाह कमी आणि पंप मंद.

सावलीचे गणित वेगळे. पॅनेलमधले घट एकामागोमाग जोडलेले असतात. एकावर सावली पडली तरी तो साऱ्या ओळीचा प्रवाह रोखतो. त्यामुळे पॅनेलच्या कोपऱ्यावर येणारी बांधावरच्या लिंबाची फांदी वेळेवर छाटावी. धूळ धुवायची ती सकाळी, काच गार असताना.