यंत्राला जागा कळते, नाव कळत नाही

गेल्या हिवाळ्यात आम्ही इंदूरहून ग्वाल्हेरला मोटारीने गेलो. अंतर सुमारे ५०० किलोमीटर. गाडीतल्या जीपीएस यंत्राने देवास, गुना, शिवपुरी अशी वाट बिनचूक दाखवली. काच खाली करून कोणाला विचारावे लागले नाही. अडलो ते अगदी शेवटी. लष्कर भागात ‘चिटनीस की गोठ’ येथे माझी आत्या राहते. यंत्राने आम्हांला भलत्याच बोळाच्या तोंडाशी नेले आणि आपण पोहोचलो असल्याचे जाहीर केले. समोर एक भिंत होती.

हे का घडले ते समजून घ्यायला हवे. कारण त्यात यंत्राचा दोष थोडा आणि आपला अधिक आहे.

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येक उपग्रह ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि आता अमुक वेळ झाली आहे’ एवढाच संदेश सतत पाठवत असतो. तो पोहोचायला किती वेळ लागला, यावरून गाडीतले यंत्र त्या उपग्रहापासूनचे आपले अंतर काढते. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की स्वतःची जागा ठरते. मोकळ्या माळावर हा हिशेब काही मीटरांपर्यंत अचूक येतो. अरुंद गल्लीत मात्र संदेश उंच भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात, यंत्राला अंतर वाढल्यासारखे वाटते आणि पडद्यावरची गाडी शेजारच्या बोळात जाऊन उभी राहते.

पण उपग्रह जागा सांगतो ती आकड्यांत. अक्षांश आणि रेखांश यांपलीकडे त्याला काही ठाऊक नसते. ‘लष्कर’, ‘गोठ’, ‘बोळ’ हे शब्द आकाशातून येत नाहीत. ते कोणीतरी जमिनीवर बसून नकाशात भरलेले असतात. आमच्या यंत्रात ते रोमन लिपीत भरलेले होते. त्या लिपीत ‘ठ’ आणि ‘थ’ एकाच जोडीने लिहिले जातात. म्हणून ते वाचून बोलणारा आवाज म्हणाला, ‘चितनिस की गोथ’. आत्याचा पत्ता उच्चारातच हरवला होता.

शेवटी कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारले. त्याने उलट विचारले, “किसके यहाँ जाना है?” आत्याचे आडनाव सांगताच त्याने दुकानातला मुलगा बरोबर दिला. दोन वळणांवर घर होते.

जेवताना मी ‘गोथ’ची गंमत सांगितली. आत्या हसली नाही. म्हणाली, “अरे, गोठ कसली? आपला गोट तो. शिंद्यांबरोबर आलेल्या मंडळींनी जिथे राहुट्या ठोकल्या, ते त्यांचे गोट. पुढे तळ हलला नाही, म्हणून शहर झालं. हिंदी बोलणाऱ्यांनी गोठ केलं, आता तुझं यंत्र गोथ करतंय. आणखी एका पिढीने काय उरेल?”

तिच्या बोलण्यात इतिहास होता. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला फौजेचा तळ दिला. त्या तळाचे शहर झाले, तरी नाव ‘लष्कर’ हेच राहिले. तिथली नावे मराठी कानाने ऐकून पाहा. ‘महाराज बाडा’ हा वाडा आहे. ‘कंपू’ म्हणजे कवायती फौजेचा तळ. ‘जिन्सी’ हा तोफखान्याचा शब्द. आमच्या इंदुरातही एक जिन्सी आहे. ‘खासगी बाजार’ तर फोड करून सांगायलाच नको. आजही आपण ‘राजकीय गोटात खळबळ’ असे लिहितो, साहित्यातल्या ‘कंपूशाही’वर टीका करतो. हे शब्द छावणीतून भाषेत आले. ग्वाल्हेरात त्यांना अजून दार आणि उंबरठा आहे.

मी इंदुरात मराठी शिकवतो. परत आल्यावर वर्गात सांगितले, ‘राजवाड्यापासून आपल्या घरापर्यंतचा रस्ता पाहुण्याला लिहून कळवा.’ निम्म्या मुलांनी विचारले, ‘सर, लोकेशन पाठवलं तर नाही चालणार?’ बाकीच्यांना रस्ता माहीत होता, पण शब्द सापडत नव्हते. नाकासमोर, डाव्या अंगाला, तिठा, आळी, पाराशी, चढण लागली की, हे सारे शब्द वाट विचारण्या-सांगण्यातूनच तोंडात राहतात. विचारणे थांबले की तेही मागे पडतात.

यंत्र टाकून द्या, असे मी म्हणणार नाही. रात्री-अपरात्री अनोळखी हमरस्त्यावर त्याचा आधार मोठा आहे आणि परतताना मीही तेच लावले होते. पण नावे भरण्याचे काम आपले आहे. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा कोणालाही भर घालता येईल असा नकाशा आहे आणि त्यात एकाच जागेचे नाव निरनिराळ्या भाषांत नोंदवता येते. शिक्षकांनी वर्षातून एक तास काढावा, मुलांना घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मोहल्ल्याची नावे विचारून आणायला सांगावी, ती देवनागरीत लिहून घ्यावी, त्यामागची हकिकत वहीत उतरवावी आणि नाव नकाशात घालावे. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, जिथे जिथे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहिला, तिथे हे काम वाट पाहत आहे.

आत्या आता ८६ वर्षांची आहे. निघताना मी तिच्याकडून लष्करातली २३ नावे लिहून घेतली. वही मिटताना ती म्हणाली, “पुढच्या वेळी ये, अजून आठवतील.” उन्हाळ्याची सुट्टी लागली की जाणार आहे.