कुरणातील माती आणि काळपुळी

माती सर्व काही पचविते, असा आपला विश्वास आहे. काळपुळी अर्थात अँथ्रॅक्सचा जंतू मात्र या विश्वासास अपवाद आहे.

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यालगत ग्रुइनार्ड नावाचे सुमारे १९६ हेक्टर क्षेत्रफळाचे बेट आहे. १९४२ साली, ऐन महायुद्धात, ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तेथे मेंढ्या बांधून ठेवून काळपुळीच्या बीजाणूंचे बॉम्ब फोडले. मेंढ्या काही दिवसांतच दगावू लागल्या. बीजाणू मात्र मातीत टिकून राहिले आणि ते बेट चार दशकांहून अधिक काळ मनुष्यास वर्ज्य ठरले. १९८६ मध्ये सुमारे २८० टन फॉर्माल्डिहाइडचे द्रावण समुद्राच्या पाण्यात मिसळून तेथील जमिनीवर शिंपडण्यात आले. पुढे मेंढ्यांचा कळप चरावयास सोडला. तो निरोगी राहिला. १९९० मध्ये बेट सुरक्षित असल्याचे जाहीर झाले.

एवढा खटाटोप प्रत्येक कुरणासाठी शक्य नाही. म्हणून माती दूषित होऊ न देणे, हाच खरा उपाय होय.

मेंढी गवत मुळाशी कुरतडते. चारा खुरटला की गवताबरोबर मातीही तिच्या पोटात जाते. मेलेल्या जनावराचे शरीर बंद राहिल्यास कुजण्याच्या क्रियेत त्यातील बहुतेक जंतू नष्ट होतात. परंतु कातडे सोलताच रक्तास हवा लागते आणि जंतू बीजाणूचे कवच धारण करतात. यास्तव अकस्मात मेलेली मेंढी, विशेषतः नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त आलेली, कदापि फाडू नये. पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली ती जाळावी अथवा खोल पुरावी. ती जागा चराईतून वगळावी. रोगप्रवण भागातील कळपास दरवर्षी लस टोचून घ्यावी.

आपल्या सीमाभागात धनगरबांधवांचे कळप खतासाठी शेतांत बसविले जातात. मेलेली मेंढी हे त्यांचे बुडालेले भांडवल. कातडे-मांस विकून चार पैसे सोडवावेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यापायी हात, घर आणि कुरण ही तिन्ही धोक्यात येतात.

म्हणूनच हातावर न दुखणारी काळी खपली व भोवती सूज घेऊन कोणी आला, तर "अलीकडे एखादी मेंढी दगावली का?" एवढे अवश्य विचारावे. वेळीच दिलेल्या प्रतिजैविकांनी त्वचेची काळपुळी बहुधा बरी होते. त्याच वेळी पशुवैद्यकास कळविले, तर रुग्णाबरोबर कुरणही वाचेल.